अडुळशाचं सिरप घरी केलं आणि रात्री बाटलीचं बूच उडालं, कुठं चुकलं?

रानजाई (सातारा) | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तोही असल्या कारणासाठी. झालं असं की दिवाळी संपली, थंडी पडायला लागली आणि आमच्यात दरवर्षीसारखी खोकल्याची रांग लागली, आधी धाकटा (सहा वर्षांचा, शाळेतनं घेऊन येतो), मग मी, मग आत्याबाई म्हणजे सासूबाई. ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं दगावली, त्या बातम्या वाचल्यापासनं दुकानातली सिरपची बाटली हातात धरली की पोटात गोळाच येतो, म्हणून म्हणलं यंदा घरीच करायचं, परड्यात अडुळसा आहेच.

केलं ते असं: अडुळशाची २०-२५ पानं, मूठभर तुळस, रहिमतपूरच्या आल्याचं चांगलं बोटभर दोन तुकडे, ज्येष्ठमधाची काडी, सात लवंगा, मिरी, दालचिनी. दीड लिटर पाणी, उकळून लिटरभर उरवलं. त्यात पाव किलो गूळ, आणि गार झाल्यावर दोन चमचे मध. सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत गच्च बूच लावून ओट्यावर ठेवलं. चार दिवस सगळ्यांनी घेतलं, बरंही वाटलं. सहाव्या रात्री तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात फाट्कन आवाज, मला वाटलं गॅस. जाऊन बघते तर बूच उडून पिठाच्या डब्याला पोचा पाडून खाली पडलेलं, बाटलीतनं फेस वर येतोय आणि भिंतीवर तपकिरी ओघळ. आत्याबाई उठून आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं ही तर हातभट्टी लावलीस की!"

हसू नका. मला फक्त एवढंच सांगा की टिकणारं सिरप घरी होतं का आणि होत असेल तर कसं.

घाटमाथा (महाबळेश्वर रोड) | ११:३२

हसू नका म्हणून सांगितल्यावर कोण थांबतंय का 😂 आत्याबाईंना साष्टांग नमस्कार सांगा.

पाटणची_सून | ११:५०

ताई गुळाचं कायबी टिकत नाही पाण्यात. आम्ही कोयनेकडं काढा करतो तो सकाळी केला की रात्री संपला पाहिजे, उरला तर झाडाला. बाटलीत भरून ठेवायचं म्हणजे ते काम वेगळं. आणि अडुळसा उकळता कशाला, त्याचा रस काढायचा असतो.

गोळीवाला (सांगली) | दुपारी १२:४०

मी मेडिकल दुकानात १९ वर्षं काढलीत, डी.फार्म आहे, त्यामुळं हा विषय माझ्या आवडीचा. ताई तुमचा अडुळसा चुकला नाही, तुळस चुकली नाही, तुमचा हिशोब चुकला. लिटरभर काढ्यात पाव किलो गूळ म्हणजे वजनानं २० टक्के गोडी झाली. आता हे २० टक्के म्हणजे काय, तर द्राक्षाच्या रसात वाइन करायला घेताना जेवढी साखर असते साधारण तेवढीच. वरनं ओट्यावर, गॅसशेजारी, उबेला, बूच गच्च. तुम्ही यीस्टला (साखर आंबवून दारू आणि गॅस करणाऱ्या जंतूला) बोलावून गादी घालून दिलीत. आत्याबाई शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहेत.

सिरप टिकतं ते औषधानं नाही, साखरेनं टिकतं. फार्माकोपियात (औषधांच्या प्रमाणग्रंथात) साधं सिरप म्हणजे १०० ग्रॅममध्ये ६६.७ ग्रॅम साखर. म्हणजे दोन भाग साखर, एक भाग पाणी, दोन्ही वजनानं. एवढी साखर असली की पाणी सगळं तिच्याच ताब्यात राहतं, जंतूला प्यायला उरत नाही, उलट त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेतलं जातं. लोणच्याला मीठ तसंच हे. त्याच्या खाली आलात की बुरशी, आणखी खाली आलात की बूच.

त्या छिंदवाड्याच्या प्रकरणाबद्दल पण सांगतो कारण काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं. त्या सिरपच्या तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं. ते सिरपात घालायचं औषधच नाही, कारखान्यात वापरायचं रसायन आहे, आणि ते किडनी निकामी करतं. सिरपला द्रावक म्हणून जे प्रॉपिलिन ग्लायकॉल वापरतात ते तपासणी न करता औद्योगिक दर्जाचं घेतलं की ही भेसळ आत शिरते. तुमच्या पातेल्यात ते येणार नाही, तेवढं निश्चिंत रहा. पण घरचं म्हणजे आपोआप निर्धोक असं पण डोक्यात ठेवू नका.

रानजाई | १:१५

अगं बाई दोनाला एक? म्हणजे अर्ध्या लिटर काढ्याला किलोभर साखर?? हे तर गुलाबजामचा पाक झाला.

गोळीवाला | १:२२

गुलाबजामच्या पाकापेक्षा घट्ट. पण घ्यायचंय चमचाभर, वाटीभर नाही.

तासगावकर_बाग | २:०५

द्राक्षाचं नाव निघालं म्हणून आलो. गोळीवाले दादा बरोबर बोलले, आम्ही बेदाण्याला माल तोडतो तेव्हा ब्रिक्स (रसातल्या गोडीचे टक्के) २२-२४ बघतो, त्या खाली बेदाण्याला वजन येत नाही. आमच्यात प्रत्येकाच्या खिशात तो ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो, पेनाएवढी दुर्बीण. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडं धरून बघायचं, निळं-पांढरं जिथं मिळतं तो आकडा. ताईंनी सांगितलेला प्रकार आमच्या बायकोनं पण मागच्या वर्षी केला होता, मी गंमत म्हणून तपासला तर १८. म्हणलं हे सिरप नव्हं, हा कच्चा माल हाय.

एक लक्षात ठेवा आमच्याकडचं यंत्र ३२ पर्यंतच असतं. घट्ट सिरप त्यात दिसतच नाही, पट्टीच्या पार जातं. मग मी एक भाग सिरप आणि दोन भाग पाणी असं वजन करून कालवतो आणि आलेल्या आकड्याची तिप्पट करतो. २१-२२ आला की समजायचं मूळ ६५ च्या आसपास. साताऱ्यात कोणी बागायतदार ओळखीचा असेल तर मागून घ्या ताई.

घाटमाथा | २:११

खोकल्याच्या औषधाला द्राक्षबागेतलं यंत्र, वा. उद्या ऊसतोड टोळी पण येईल.

गुऱ्हाळवाला_कराड | ३:३०

टोळी नाही पण गुऱ्हाळ आलंय 😄 यंत्र नसलं तरी चालतंय, थर्मामीटर तरी वापरा, जो जिलेबीवाले वापरतात तसला स्वयंपाकाचा, तापाचा नव्हं. रस उकळताना पाणी उडत जातं तसा उकळायचा आकडा वाढत जातो. काकवी आम्ही १०५-१०६ डिग्रीला उतरवतो, गूळ ११८ च्या पुढं. सिरपला १०४ च्या आसपास झालं म्हणजे जमलं. आणि हे कळायला आमच्या आज्याला थर्मामीटर लागत नव्हता, तो काहिलीतला रस उलथन्यावर घ्यायचा आणि धार कशी तुटते ते बघायचा. बोटांत घेऊन एकतारी आली की सिरप, गोळी झाली की गूळ.

गुळाचं म्हणाल तर गूळ वाईट नाही हो. पण गुळात पाणी जास्त असतं साखरेपेक्षा, मळी असते, चुना असतो, हवेतली ओल पण ओढतो. मापाला भरवसा नाही. गुळाची चव पाहिजे तर काकवी घ्या, चांगली घट्ट, त्यात अडुळशाचा रस आटवून घाला. आमची आई तेच करते. काकवीत साखर धरू नये म्हणून चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालतात, घरी लिंबाचे थेंब चालतात.

वैद्यबाई_वाई | संध्याकाळी ६:५०

दवाखाना संपवून बसले. बऱ्याच जणांनी बरोबर सांगितलंय, मी थोडं अडुळशाबद्दल लिहिते कारण त्यावर कोणी बोललंच नाही, सगळे पाकातच अडकले.

पाटणच्या ताईंचं खरं आहे, अडुळशाचं औषध रसात. पण गंमत अशी की ताजी पानं कितीही कुटा, रस निघत नाही, नुसता हिरवा चोथा हाताला लागतो. म्हणून जुनी पद्धत पुटपाकाची. पानांचा गोळा करून त्यावर दुसरी पानं गुंडाळायची, वरून माती लिंपायची आणि निखाऱ्यात भाजायचं, मग पिळायचं. घरी एवढं कोण करतंय, तर पानं धुऊन मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवा, जरा कोमट झाली की फडक्यात घालून पिळा. पंचवीस पानांतनं काय चमचे-दोन चमचे निघेल, पण तो असला कडू जहर की बस्स. सिरपाला निदान दीड-दोनशे पानं लागतात. नुसत्या पंचवीस पानांच्या लिटरभर पाण्यात तुम्ही प्यायलात तो आल्याचा चहा, त्यानं बरं वाटलं ते आल्यानं आणि वाफेनं.

अडुळशातला मुख्य घटक व्हॅसिसिन. त्याच्यावरून पुढं ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते ॲम्ब्रॉक्सॉल. ही दोन नावं कफाच्या बाटल्यांवर वाचून बघा. म्हणजे परड्यातलं झाड आणि मेडिकलमधली बाटली चुलतभावंडं आहेत. म्हणूनच हे झाड बिनधास्त द्यायचं नाही. गरोदर बाईला अडुळसा अजिबात नको, गर्भाशय आकुंचन पावतं. ज्येष्ठमध गोड असलं तरी बीपीच्या माणसानं रोज रोज घ्यायचं नाही, त्यानं बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं.

शास्त्रात अडुळशाचा टिकणारा प्रकार म्हणजे वासावलेह. रस, साखर, तूप, पिंपळी, आणि मध सगळ्यात शेवटी, पूर्ण गार झाल्यावर. साखर भरपूर, आटवलेलं घट्ट. म्हणजे गोळीवाल्यांचा हिशोब आपल्या लोकांना आधीपासून ठाऊक होता, फक्त टक्के लिहीत नव्हते.

मिरजकर_मामा | ७:४०

वैद्यबाई नमस्कार. आम्हाला १४ वर्षं साखर आहे. दोनाला एक साखरेचं औषध घेऊन खोकला जाईल आणि पाय जाईल. आमच्यासारख्यांनी काय करायचं, खोकत बसायचं?

गोळीवाला | ८:०५

मामा हिशोब सांगतो. अर्धा लिटर काढ्यात किलोभर साखर घातली की साधारण ११०० मिली सिरप होतं. म्हणजे ५ मिलीच्या चमच्यात जवळपास साडेचार ग्रॅम साखर. दोन चमचे तीन वेळा घेतलेत तर दिवसाला २६-२७ ग्रॅम. चहातली साखर सोडून हे वर. तुम्ही नकोच. तुमच्यासाठी काढाच, बिनसाखरेचा, रोजचा रोज.

वैद्यबाई_वाई | ८:२०

मामा, सुंठ-मिरी-पिंपळी आणि अडुळशाची पानं, मऊ द्रव्याला चौपट पाणी घालून चौथा हिस्सा उरवायचा, कोमट घ्यायचा. सितोपलादी घेऊ नका बरं का, लोक चूर्ण म्हणून बिनधास्त घेतात. त्यात १६ भाग खडीसाखर, ८ वंशलोचन, ४ पिंपळी, २ वेलदोडा, १ दालचिनी. ३१ भागात १६ साखर, निम्म्याहून जास्त!

मिरजकर_मामा | ८:४१

अरेच्चा. आणि आम्ही गेला महिनाभर तेच चाटतोय, मधातनं.

डॉक्टर_पण_आजोबा | ९:१५

मामा, तुमच्या त्या "गेला महिनाभर" वर थांबलो. महिनाभर खोकला आहे?

मिरजकर_मामा | ९:२२

अहो पाचट जाळतात ना आमच्या मागच्या रानात, त्याचा आहे. आणि कारखाना पण सुरू झालाय, धुरळा.

डॉक्टर_पण_आजोबा | ९:४०

असेल. बहुतेक तेच असेल. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की आपल्याकडं टीबीची थुंकी तपासायची हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे, आणि साखरेच्या माणसाला टीबीचा धोका जास्त. सरकारी दवाखान्यात फुकट होते. मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार, वॉनलेसवाडीचं सॅनिटोरियम, टीबीचा दवाखाना, तुमच्या दारात होतं. उद्या सकाळी जा. सिरपचं नंतर बघू.

मिरजकर_मामा | ९:४८

आमची थोरली आत्या होती तिथं, आठ महिने. डबा घेऊन सायकलवर जायचो मी. जातो उद्या.

आल्याची_वडी (कोरेगाव) | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आल्याबद्दल कोणीच नाही बोललं आणि आमच्या तालुक्यात आल्याशिवाय दुसरं काय आहे म्हणून मी बोलते. सिरपात आलं उकळू नका, किसून पिळून रस काढा आणि तो रस पेल्यात अर्धा तास हलवायचा नाही. तळाला पांढराशुभ्र साका बसतो, तो आल्यातला स्टार्च. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, साका टाकून द्यायचा. आलेपाक करणारी कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल, साका राहिला की वडी नीट पडत नाही आणि सिरपात गढूळपणा येतो. नवं आलं असेल तर साका कमी असतो, जुन्यात जास्त.

हरिपूरची_हळद | ९:०५

सांगलीचं माणूस धाग्यावर आणि अजून हळद नाही? मी घालते बाई, दोन चमचे राजापुरी. पण खरं सांगू का, तळाला चिकटून बसते, कितीही हलवा. वरचं पाणी आणि खालची हळद, शेवटच्या चमच्याला नुसता लगदा.

वैद्यबाई_वाई | ९:४०

बसणारच. हळदीतलं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून हळद दुधात, साईसकट, वर मिरपूड. सिरपात ती नुसती रंगाला. सांगलीची हळद आहे म्हणून सगळीकडं घालायची असं नाही हो 😄

हरिपूरची_हळद | १०:१०

मान्य. पण त्या बूच उडण्याचं वाचून मला आमच्या पेवांची आठवण आली. आमच्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं असायची, आतून वाळवलेली, हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तशीच राहायची. २००५ च्या पुरात बरीच गेली. माझे आजोबा सांगायचे की पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत, आत कोंडलेली हवा जीव घेते, आधी कंदील सोडून बघायचे विझतो का. रानजाई, तुझ्या बाटलीत पण तोच गॅस होता, कार्बन डायऑक्साइड. तिथं तोंड मोठं म्हणून कंदील, तुझ्यात तोंड लहान म्हणून बूच.

रानजाई | ११:०२

काय एकेक लोक आहात. वाचून दाखवलं आत्याबाईंना, हरिपूरचा किस्सा फार आवडला त्यांना.

एक विचारायचंय. माझी बहीण आलीय माहेरपणाला, तिची मुलगी नऊ महिन्यांची, तिलाही सर्दी. बहीण म्हणते सिरप नको तर नुसतं मध चाटवू का, मेढ्याच्या ओळखीच्या माणसाकडचं अस्सल मध आहे.

डॉक्टर_पण_आजोबा | ११:०८

नको. वर्षाच्या आत मध नाही. थेंबभर पण नाही.

जुनं_खोड | ११:३०

डॉक्टरसाहेब माफ करा पण आम्ही सगळे मध चाटूनच मोठे झालो. बाळगुटी मधातच उगाळायची. आता हे नवीन काय काढलंय.

डॉक्टर_पण_आजोबा | दुपारी १२:१५

तुमचा राग समजतो, माझ्या बायकोनंही मला हेच ऐकवलं होतं नातवाच्या वेळी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, चोखत नाही, मान धरत नाही. क्वचित होतं, पण होतं. मध अस्सल असल्यानं ते जात नाही, उलट ते निसर्गाचंच आहे. घरी गरम करूनही बीजाणू मरत नाहीत. म्हणून मध घातलेलं सिरपसुद्धा बाळाला नाही.

वर्षाच्या पुढच्या पोरांना मात्र मधाइतकं सोपं काही नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २०१८ मध्ये साध्या खोकल्याला आधी मध द्या असंच सांगितलं. आणि आपल्या सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची सिरपं द्यायचीच नाहीत, पाचाखाली शक्यतो नाहीत. म्हणजे तुमच्या आजीचा मधाचा चमचा हरला नाही जुनं खोडसाहेब, फक्त वर्षभर थांबायला सांगितलंय.

नऊ महिन्यांच्या बाळाला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावर पाजणं चालू, बस. आणि एक करा, बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते मोजा. दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल, किंवा बरगड्यांखाली आत ओढत असेल, तर काढा नाही, मध नाही, गाडी काढायची.

रानजाई | १२:५०

मोजलं. ३८. झोपलीय. मधाची बाटली वरच्या फळीवर गेली.

मेढ्याचा_मधमाशा | संध्याकाळी ५:२०

मधाचं नाव निघालं. आमच्याकडं जावळी-महाबळेश्वरात सातेरी मधमाशीच्या पेट्या, जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा मध. मांघरला २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर केलं तेव्हापासनं पुण्याहून लोक येऊन विचारतात "ओरिजिनल आहे का". असो. मुद्दा असा की बरेच जण आल्याचे तुकडे मधात घालून बरणी भरतात आणि समजतात मध आहे म्हणजे टिकणार. मधात पाणी २० टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम आहे, आणि रानातल्या पोळ्याचा घाईनं काढलेला मध असला तर तोच त्याच्या वर असतो. त्यात ओलं आलं पडलं की आल्यातलं पाणी मधात उतरतं आणि फसफसतं. ताईच्या सिरपात घातलेले दोन चमचे मध टिकवायला काहीच कामाचे नव्हते. मध घ्यायच्या वेळी चमच्यात मिसळा, बाटलीत नको.

पाटणची_सून | ६:०५

मी जाऊन विचारून आले आमच्या नणंदेला, ती म्हणाली गुळवेल पण घाला. घालू का?

वैद्यबाई_वाई | ६:४५

सिरपात नको. करोनाच्या काळात लोकांनी महिनोन् महिने गुळवेलीचा काढा प्याला, मग २०२१ मध्ये मुंबईतल्या काही डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं पडलं की ती दुसरी, तशीच दिसणारी वेल असू शकते. वाद कसाही असो, वेल ओळखता येत नसेल तर आणि यकृताचा त्रास असेल तर लांब रहा. अडुळसा तरी ओळखायला सोपा, पांढरी फुलं, पान चुरगाळलं की उग्र वास, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही.

घाटमाथा | ६:५२

आमच्या शेळ्या माझी चप्पल खातात आणि अडुळसा सोडतात, हे मात्र खरं.

रानजाई | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आठवड्यानं आले. दुसरी खेप केली.

दीडशे पानं आत्याबाईंनी स्वतः खुडली, माझ्यावर विश्वास नाही. इडलीपात्रात वाफवली, जुन्या धोतराच्या फडक्यात पिळली, हात आणि फडकं दोन्ही अजून हिरवं आहे. रस निघाला सव्वा वाटी, एवढाच! त्यात आल्याचा रस (साका बसवून, खरंच पांढराशुभ्र बसतो की, मला वाटलं होतं अर्धा चमचा असेल, पेल्याच्या तळाला बोटभर थर). लवंग, मिरी, पिंपळीचा वेगळा काढा आटवला. सगळं मिळून वजनकाट्यावर बरोबर ५०० ग्रॅम केलं, कमी पडलं तेवढं उकळलेलं पाणी. स्टीलच्या पातेल्यात किलोभर साखर घालून मंद गॅसवर. ज्येष्ठमध वगळलं कारण आत्याबाईंना बीपी. साखर विरघळल्यावर आमच्या शेजारच्या केटरिंगवाल्या काकांचा थर्मामीटर आणला, १०३ ला जरा घाई करून उतरवायला निघाले तर आत्याबाईंनी हात धरला, बोटाच्या चिमटीत थेंब घेऊन बघितला आणि म्हणाल्या अजून तार नाही. पाच मिनिटांनी तार आली. थर्मामीटर बघितला, १०४.

बाटल्या उकळत्या पाण्यात घालून उन्हात पालथ्या वाळवल्या. लहान लहान भरल्या, शंभर-शंभर मिलीच्या. म्हणजे उघडलेली एकच आणि बाकी बंद. एक ओट्यावर मुद्दाम ठेवलीय, बूच सैल करून, बघायला. आज सातवा दिवस, अजून शांत आहे. बाकी फ्रिजात.

धाकट्यानं पहिला चमचा घेतला आणि तोंड असं केलं की फोटो काढायला पाहिजे होता. म्हणाला मागचंच चांगलं होतं.

गोळीवाला | ९:४५

बाटलीवर तारीख चिकटवा. आणि ओला चमचा आत नाही, झाकणात ओतून घ्यायचं. फ्रिजातलं असलं तरी दीड-दोन महिन्यांत संपवा, वास बदलला किंवा वर ठिपका दिसला की मोह नको.

तासगावकर_बाग | १०:०२

ब्रिक्स बघितला का?

रानजाई | १०:१०

नाही हो, सातारकर बागायतदार शोधतेय 😄 तार बघितली तेवढं पुरे.

मिरजकर_मामा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

थुंकी तपासली, दोनदा. टीबी नाही. छातीचा फोटोही काढला. बीपीची गोळी बदलून दिली, म्हणाले त्या जुन्या गोळीनंच कोरडा खोकला येतो काही जणांना. पाचट उगाच बदनाम. डॉक्टरसाहेब आभार. काढा मात्र चालू ठेवलाय, आवडायला लागला. फक्त आमच्या मिरजेत अडुळसा कुठं मिळत नाही चांगला, काष्ठौषधीच्या दुकानात वाळकी पानं देतात आणि ती पण निम्मी काड्या.

रानजाई | ८:२०

मामा, आमचं कुंपणच अडुळशाचं आहे. पुढच्या रविवारी मिरजेला लग्नाला येणार आहे, फांद्या वीतभर तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणते. आत्याबाई म्हणतात छाट मातीत नुसता खोचला तरी लागतो, दोन डोळे जमिनीत आणि दोन वर, सावलीत ठेवा आणि पाणी रोज शिंपडा. पत्ता इथं लिहू नका, निरोपात पाठवा.